हरणाची पेटी

आधीच सांगून टाकते, मी अंडंसुद्धा न खाणारी बाई आहे. गुहागरच्या आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असायचा. त्यामुळे मी मटणावर बोलायला लागले की आमचे हे गालातल्या गालात हसतात. हसू देत. इक्बालसाहेबांच्या अंगणात त्या सकाळी मी तीन तास उभी होते, हे नव्हते. जे बघितलं त्याची किळस अजून माझ्या घशाशी आहे, आणि त्यात बिचाऱ्या बकऱ्याचा काडीचा दोष नाही.

हाफिजा माझी शेजारीण. मस्कतमध्ये अल हैलला समुद्राच्या बाजूला आमची इमारत आहे, दुसऱ्या मजल्यावर आमचे दरवाजे समोरासमोर. चौदा वर्षं झाली. तिचा नवरा सादिक एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. मुलगी सिदरा चोवीस वर्षांची, इथल्याच इंडियन स्कूलमधून शिकली, आता एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हाफिजा मूळची महाडची. बोलते आपल्यासारखंच, फक्त 'नाही'चं 'नाय' आणि 'आहे'चं 'हाय' करते आणि मला 'वसूताय' म्हणते. सण तिचा असो की माझा, नारळाच्या दुधातलं सांदण माझ्या दारात हजर. ते करायला तिने एक स्टीलचं पातेलं वेगळं ठेवलंय, त्याला मटणाची वाफसुद्धा लागू देत नाही. मी कधी मागितलं नव्हतं, तिने आपण होऊन केलं.

आणि मी काय केलं? पहिली तीन वर्षं ते सांदण गपचूप कचऱ्यात टाकलं. "फार छान झालं होतं हो," असं तोंडभरून सांगितलं आणि डबा घासून परत दिला. शी! आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. चौथ्या वर्षी माझं ऑपरेशन झालं आणि या बाईने पंधरा दिवस माझी वेणीफणी केली, तेव्हा कुठे माझी अक्कल ठिकाणावर आली.

तिच्याइतकी स्वच्छ बाई मी जन्मात पाहिली नाही. ओट्याचं फडकं वेगळं, हात पुसायचं वेगळं, सुरीचं वेगळं. सुरीचं वेगळं फडकं कोण ठेवतं? मी तिला चिडवायचे, अगं तू काय सर्जन आहेस का? ती नुसती हसायची.

ते का, हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. तिचे अब्बा गेले, आणि नेमकी तेव्हा विमानं बंद होती. माती द्यायलाही ती जाऊ शकली नाही. माझ्या स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून रडली आणि रडता रडता जे पंचवीस वर्षं पोटात ठेवलं होतं ते ओकून मोकळी झाली. तिचे अब्बा खाटीक. महाडच्या बाजारात मटणाचं छोटं दुकान. सादिकने हिला मुंब्र्यात कुणाच्या तरी लग्नात बघितलं आणि हट्टच धरला. सासूने एका अटीवर होकार दिला, मुलीच्या बापाचा धंदा कुणाला कळता कामा नये. म्हणजे बघा, आठवड्यातून दोनदा खाटकाकडून मटण घ्यायचं, सणाला 'जरा चांगलं द्या हो' म्हणून लाडीगोडी लावायची, आणि त्याची मुलगी करायची म्हटलं की नाक मुरडायचं. मग खाटकाचा झाला एक्सपोर्टवाला. महाडपासून पोलादपूरपर्यंत, तेवढीच ती एक्सपोर्ट!

लग्नाच्या दिवशी पहाटे त्या माणसाने आपल्या लेकीच्या दावतीचं सगळं मटण स्वतः तोडलं. मग घरी जाऊन दोनदा आंघोळ केली, अत्तर लावलं आणि हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. व्याह्यांच्या शेजारी बसायला त्याला कुणी बोलावलं नाही, आणि तो आपणहून गेलाही नाही. हाफिजा म्हणाली, "मी बघितला त्यांना. आणि मी पण बोलावला नाय, वसूताय."

अब्बा गेल्यापासून दर बकरी ईदला ती त्यांच्या नावची एक कुर्बानी करते. निझवाच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात स्वतः जाते, बुरख्याआडून जनावराचा दात बघते, पाठीवरून हात फिरवते आणि सादिकला डोळ्याने खुणावते, हा. बापासाठी लेक म्हणून करायचं तेवढं एकच काम तिच्याकडे उरलंय.

आता इक्बालसाहेब. हे रत्नागिरीकडचे, इथे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, अल हैललाच व्हिला, पुढे फरशी घातलेलं अंगण. त्यांची बायको अफशा आणि मुलगा मुआज. मुआज आणि सिदरा एकमेकांना पसंत. दोन्ही घरची बोलणी झाली, ईदनंतरच्या शुक्रवारी मंगनी ठरली. सिदरा तर हवेतच होती. तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत मला सांगायची, "मावशी, ही इज सो... काय म्हणतात... समजूतदार."

इक्बालसाहेब गेल्या वर्षी अमेरिकेत पुतण्याकडे गेले होते. तो पुतण्या जंगलात हरणं मारतो, गाडीत टाकून घरी आणतो, गॅरेजमध्ये टांगतो, सोलतो, तोडतो आणि वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये भरतो. साहेबांना ते बघून वेड लागलं. परत आले ते एक भलीमोठी पेटी कार्गोने मागवूनच. काळ्या पेटीवर शिंगवाल्या हरणाचं चित्र. आत टांगायची कप्पी, मागचे पाय अडकवायचा लोखंडी हँगर, बारा सुऱ्या, हाडं कापायची विजेची करवत, खिम्याचं मशीन, हवा काढून पिशवी बंद करायचं मशीन आणि त्या पिशव्यांवरही परत तेच हरीण. घरी येईल त्याला ते ही पेटी उघडून दाखवायचे, जशी काही नव्या सुनेची दागिन्यांची पेटी! आता इथे हरणावर बंदूक रोखली तर थेट तुरुंग, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? होतं. मग हरणाची हौस बकऱ्यावर भागवायची.

"या वर्षी तुमची कुर्बानी आमच्या अंगणात," त्यांनी सादिकला सांगितलं. "आमची गावाला होते. दोन्ही फॅमिलीज टुगेदर. खाटीक-बिटीक काही नको, हायजिनिक काम करू. मी आहे ना!"

सादिकभाई हो म्हणून मोकळे. व्याही ना ते! हाफिजाला विचारायचं कुणाला सुचतंय? ती माझ्याकडे आली. "वसूताय, तू चल माज्याबरोबर. मला त्या घरात एकटीने उभं राहवत नाय." म्हटलं, अगं, मी काय करू तिथे? म्हणाली, "नुसती उभी राहा."

म्हणून गेले, सादिकभाई आणि सिदराही बरोबर होते. ईदचा दुसरा दिवस, सकाळचे आठ, आणि ऊन असं की चपलेतून फरशी चटके देत होती. एक बलुची म्हातारा जबह करायला, म्हणजे गळ्यावर सुरी फिरवायला, आला होता. मी तेवढा वेळ गाडीत पाठ फिरवून बसले. आले तोवर त्याचं काम झालं होतं आणि तो सवयीने कातडं काढायला बसत होता, तर इक्बालसाहेबांनी त्याला उठवलं. "खलास, खलास, यल्ला. पुढचं आम्ही करतो." म्हातारा दोन-तीनदा मागे वळून बघत गेला. त्याला कळलं असणार.

साहेबांनी एप्रन बांधला. रबरी हातमोजे घातले. मुआजने मोबाइल धरला, व्हिडिओसाठी. आता तो लोखंडी हँगर हरणाच्या मापाचा, बकऱ्याचे मागचे पाय त्यात ताणून ताणून बसवले आणि कप्पीने वर ओढलं. अर्ध्यात गेला आणि सटकन निसटून फरशीवर आपटला. धप्प! ओल्या रक्ताला माती चिकटली, केस चिकटले. "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम," म्हणत परत टांगला, या वेळी एकाच पायाने, वाकडा.

मग आली ती आकडीवाली सुरी. पोट फाडायला खास म्हणे. साहेबांनी ती खुपसली आणि झिपर उघडावी तशी खर्रकन खाली ओढली. आतडं फाटलं. अहो, तो वास! मी पदर तोंडात कोंबला. हिरवट पाणी मांसावरून ओघळत खाली आलं, आणि कुठून आल्या कोण जाणे, दोन मिनिटांत माश्यांचं मोहोळ बसलं. अफशाबाई सावलीत खुर्चीवर बसून नाकाला अत्तराचा टिश्यू लावून होत्या.

"डॅडी, इज इट सपोज्ड टू डू दॅट?" मुआजने विचारलं.

"नॉर्मल, नॉर्मल. तिकडेही असंच असतं."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण इथे तर अंगणही स्वतःचंच, दोष कुणाला देणार? साहेबांनी करवत लावली. अर्धवट कातड्यासकट पुढचा पाय कापला. करवतीच्या पात्याने केस, चरबी, हाडाचा भुगा यांचा लगदा चौफेर उडवला. ते तुकडे उचलले ते थेट खिम्याच्या मशीनमध्ये. पलीकडून जे बाहेर आलं त्याला खिमा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. राखाडी रंगाचं, गरम, मधून मधून काळे केस. ते हरणाच्या पिशवीत भरलं, हवा काढली, आणि अफशाबाईंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

"बाकीचं आता दोन तास असंच टांगून ठेवायचं," साहेब म्हणाले. "एजिंग. अमेरिकेत दोन-दोन दिवस टांगतात. मीट सॉफ्ट होतं."

या उन्हात! अमेरिकेतल्या हिवाळ्याची रीत मस्कतच्या जून महिन्यात! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बकराच रिकामा व्हायची वेळ आली होती.

हाफिजाने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती. "वसूताय, दोन तासांत सडेल ते," ती पुटपुटली. "कुर्बानीचं मटण फेकायला लागेल. अब्बांच्या नावचं हाय." मग ती हळूच सादिककडे गेली आणि त्याच्या कानाशी लागली. त्याचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "गप्प राहा. शुक्रवारपर्यंत फक्त गप्प राहा. पोरीचं वाटोळं करायचंय का?"

खोटं नव्हतं ते. हाफिजाने सुरी हातात घेतली की संपलं, ती कोण ते तिचा हातच सांगणार. एका बाजूला सिदरा, दुसऱ्या बाजूला तो टांगलेला बाप. ती परत आली आणि तिने माझं मनगट पुन्हा धरलं.

आणि नेमकं तेव्हाच अफशाबाईंना बोलायची बुद्धी झाली. माश्या हाकलत म्हणाल्या, "हे खाटीक लोक रोज कसं करत असतील बाई? त्यांच्या अंगाचा वास म्हणे मेल्यावर पण जात नाही."

हाफिजाने माझं मनगट सोडलं. बुरखा काढला, घडी करून माझ्या हातात दिला. बाह्या वर केल्या. "इक्बालभाय, बाजूला व्हा जरा," ती म्हणाली.

आवाज असा होता की साहेब मुकाट्याने झाले बाजूला.

त्या बारा सुऱ्यांमधली एकही तिने घेतली नाही. स्वयंपाकघरातून साधी कांदा चिरायची सुरी आणि चहाचा एक मग मागवला. मग पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी दहा-बारा वेळा ओढली. अंगठ्याने धार बघितली. बकरा खाली उतरवून धुतलेल्या प्लास्टिकवर उताणा घेतला. आधी फाटलेलं आतडं दोन्ही टोकांना सुतळीने बांधलं, मग घाण लागलेलं तेवढंच मांस कापून बाजूला टाकलं. डावा हात कातड्याला, उजवा हात मांसाला, आणि शेवटपर्यंत एका हाताचं काम दुसऱ्याने केलं नाही. कातडं सोलायला तिने सुरी वापरलीच नाही म्हटलं तरी चालेल. मूठ आत घालायची आणि दाबत न्यायची. अंगरखा उतरवावा तसं ते सबंध उतरलं, एक भोक नाही, मांसावर एक केस नाही. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी दोन बोटांत धरून अलगद काढली. करवतीकडे तर ढुंकून बघितलं नाही. सांधा बोटाने चाचपायची, सुरीचं टोक घालायची, जरा वळवायची, की रान, म्हणजे मागची अख्खी तंगडी, सुटी. हाडाला सुरी लागल्याचा आवाज एकदाही आला नाही.

मी, अंडं न खाणारी बाई, पदर तोंडातून काढून बघत राहिले. वास गेला होता, माश्या गेल्या होत्या. सुरीचं वेगळं फडकं कशाला असतं तेही त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. खांद्यावर टाकलेलं, दर चार हातांनी सुरी त्यावर पुसली जायची.

"भाभी!" इक्बालसाहेब चाट पडले होते. "अहो हे कुठे शिकलात तुम्ही?"

"यूट्यूब!" सादिकभाई किंचाळलेच जवळजवळ. "यूट्यूबवर बघत असते सारखी. कुकिंग चॅनेल्स."

सगळे हसले. साहेब मान डोलवायला लागले. झालं होतं. निभावलं होतं. हाफिजाने नुसतं खाली बघून हसायचं होतं, शुक्रवारी मंगनी, पुढे सगळं सुरळीत. सिदरा आईकडे कौतुकाने बघत होती.

हाफिजाने सुरी पुसली. "नाय," ती म्हणाली. "माज्या अब्बांनी शिकवलं. महाडच्या बाजारात त्यांचं मटणाचं दुकान होतं. खाटीक होते ते. जैनुद्दीन खाटीक. ही कुर्बानी त्यांच्याच नावची हाय."

कुणी ओरडलं असतं, भांडलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. साहेबांनी हातमोजे काढले, एप्रन काढला, खुर्ची सावलीत ओढली आणि पायावर पाय टाकून बसले. "असं होय," म्हणाले. मग, "बरगडीच्या चापा वेगळ्या काढ. आणि पाया जरा नीट साफ कर, केस राहता कामा नयेत."

ऐकलंत? पाच मिनिटांपूर्वी 'भाभी, अहो'. आता हुकूम. ज्या माणसाने केसांचा खिमा करून पिशवीत भरला तो हिला केस राहू देऊ नको म्हणतोय! अफशाबाई आत गेल्या आणि कागदी पेल्यात पाणी घेऊन आल्या. हातात नाही दिलं. दोन पावलांवर फरशीवर ठेवलं आणि मागे सरकल्या. मला त्याच क्षणी माझ्या कचऱ्याच्या डब्यातलं सांदण आठवलं आणि मान वर करवेना. मी तरी वेगळं काय केलं होतं? मी पेला उचलला आणि हाफिजाच्या तोंडाला लावला. तिचे हात भरलेले होते. ती घटाघटा प्यायली.

सादिकभाई मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मुआजने व्हिडिओ बंद केला होता. तोंडातून चकार शब्द नाही. समजूतदार!

हाफिजाने काम अर्धं सोडलं नाही. मी असते तर सुरी फेकून निघाले असते, पण ते मटण तिच्या अब्बांचं होतं. कुर्बानीचे तीन वाटे घातले, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. सारखेच्या सारखे. नातलगांच्या वाट्यातल्या दोन्ही राना आणि चापा इक्बालसाहेबांनी स्वतः निवडून बाजूला काढल्या, अफशाबाईंनी हरणाच्या पिशव्यांत भरल्या. आम्ही निघायला लागलो तर साहेब म्हणतात, "मुंडी आणि कातडं ने. खाटकाचा हक्क असतो तो."

माझं डोकंच फिरलं. "इक्बालसाहेब, बकरा त्यांचा आहे. तुमची फक्त फरशी आहे."

ते हसले. "वहिनी, तुम्ही व्हेजिटेरियन. तुम्हाला यातलं काय कळणार?"

मनाची नाही तरी जनाची! पण ज्याला दोन्ही नाही त्याच्याशी काय बोलायचं?

गाडीत सिदरा मागे बसली होती. बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "अम्मी, मी लहान होते ना, मी नानांना व्हिडिओ कॉलवर विचारायचे, नाना, तुमचा ऑफिस दाखवा. एव्हरी टाइम. ते सांगायचे, आज बंद आहे, बाळा." तिचा आवाज फाटला. "एव्हरी टाइम, अम्मी. तू बाजूलाच बसायची. तू का नाही सांगितला?"

"मला माजीच किळस येते," हाफिजा एवढंच म्हणाली. सादिकभाई गाडी चालवत राहिले.

पुढचे तीन दिवस सिदरा फोन उशाला घेऊन बसली. मुआजचे मेसेज आधी छोटे झाले, मग बंद झाले. गुरुवारी संध्याकाळी मी हाफिजाच्या स्वयंपाकघरात होते. ती भाकरीचं पीठ मळत होती, सिदरा टेबलाशी, सादिकभाई दारात. फोन वाजला. हात पिठाचे म्हणून सिदराने स्पीकर लावला. अफशाबाई.

आधी तब्येत विचारली. मग हवा किती गरम झालीय ते. मग म्हणाल्या, "हाफिजाभाभी, आम्ही इस्तिखारा केला होता. इशारा चांगला नाही आला बघा. आता अल्लाहची मर्जी. त्याच्यापुढे आपण काय बोलणार?"

इस्तिखारा म्हणजे नमाज पढून देवाला कौल मागायचा. आमच्याकडे गुरव देवाला कौल लावतो तसंच. मी गुहागरची आहे हो, कौल कुणाला कसा हवा तसा लागतो, मला नका शिकवू. चार महिने बोलणी चालली तेव्हा देवाला विचारायचं सुचलं नाही, खाटीक म्हटल्याबरोबर सुचलं. स्वतःची घाण आणि ती अल्लाहच्या नावावर टाकायची! मला इतकी शिसारी आली की मी उठून फोन बंदच करणार होते. सिदराने ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हाफिजाचे हात पिठात तसेच थांबले होते.

पण फोन संपला नव्हता. गरज सरो नि वैद्य मरो, पण इथे वैद्याची गरज अजून सरलीच नव्हती. पलीकडून अफशाबाई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आणि हो, एक विचारायचं होतं. ती रान आज पाहुण्यांसाठी ओव्हनमध्ये ठेवतेय. किती वेळ लागेल हो? तुम्हाला बरोबर माहिती असणार."

सादिकभाईंनी हाताने खूण केली, सांगून टाक आणि ठेव. हाफिजाने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती फोनच्या जवळ गेली.

"अख्खी रान हाय ना? मग तीन तास," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, रेसिपी सांगतात तसा. "आच मंद ठेवा. आणि भाभी, ते तीन तास रिकामं बसू नका. ज्याच्या नावची कुर्बानी खाताय त्याच्यासाठी फातिहा पढा, दुवा मागा. नाव ध्यानात हाय ना?"

पलीकडून नुसतं "अं?" आलं.

"भाभी, नाव घेऊन दाखवा एकदा. चुकलं तर त्यांना पोचायचं नाय."

"हाफिजा, पुरे," सादिकभाई म्हणाले.

"मी थांबलेय, भाभी."

शेवटी अगदी बारीक आवाजात अफशाबाईंनी म्हटलं, "जैनुद्दीन."

"पुढे?"

"...खाटीक. जैनुद्दीन खाटीक."

"हां," हाफिजा म्हणाली. "आता पहिला तासभर झाकण उघडू नका."